दुखण्याचं दारं कोण धरतं? मेंदूतून खाली येणारी वाट समजून घ्यायची आणि वापरायची कशी

ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव भागातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरचं बाकडं भरायला लागतं. द्राक्षाच्या मंडपाखाली दिवसभर मान वर आणि हात डोक्याच्या वर. आधी छाटणी, मग फुटव्यांची विरळणी, मग घडांचं थिनिंग (मणी विरळ करणं) आणि डिपिंग (घड औषधात बुडवणं). बेदाण्याच्या शेडवरचं काम संपेपर्यंत ही रांग हटत नाही. अशाच एका रांगेतून दोन वर्षं खांदा दुखणाऱ्या एक आक्का आत आल्या. मी त्यांना मेंदूबद्दल सांगायला लागले तशा त्या उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, दुखतंय खांद्यात आन् तुम्ही डोक्याचं काय सांगताय? मला याड लागलंय व्हय?"

त्या दिवशी मी नीट सांगू शकले नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर प्रत्येक पेशंटसोबत वहीवर चित्र काढून सांगायची सवय लावून घेतली. त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर, मान, खांदा किंवा गुडघा दुखत असेल, तपासण्या झाल्या असतील आणि तरी दुखणं हटत नसेल, अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. "दुखणं मनाचं आहे" असं मी कुठेही म्हणणार नाही. मेंदूच्या वरच्या थरातून निघून मज्जारज्जूपर्यंत उतरणारी एक वाट प्रत्येकाच्या शरीरात आहे. ती पेशींची आणि तंतूंची आहे, वाटण्या-न वाटण्याची नाही. दुखण्याचा निरोप किती वर जाऊ द्यायचा, हे त्या वाटेवर बरंचसं ठरतं.

आधी धोका नाही ना, ते बघा

पुढचं काहीही करण्याआधी हे तपासून घ्या. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. सांगलीकरांना मिरज जवळ आहे, उशीर करायचं कारण नाही. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा टीबी तपासायला हवा. आपल्याकडे तो अजून दिसतो. पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, छातीत दाबल्यासारखं होऊन डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, यातलं काहीही असलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

पहिली पायरी: वहीवर वाट काढा

एका पानावर बाजूने दिसणारं डोकं, मान आणि पाठ काढा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. आता त्यावर पाच ठिपके द्यायचे आहेत, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिला ठिपका पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला. खांद्यातला, कमरेतला निरोप घेऊन येणारी नस इथे पोहोचते आणि पुढच्या पेशीच्या हाती निरोप देते. मी याला दारं म्हणते. वाळवा-पलूसकडच्या ऊसवाल्यांना वेगळं समजवावं लागत नाही. रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायला गेलेला माणूस सरी भरली की फावड्याने दारं मोडतो आणि पाणी पुढच्या सरीत सोडतो. पाटात पाणी किती आहे, हा एक प्रश्न. दारं किती उघडं आहे, हा दुसरा. खांद्यातली इजा म्हणजे पाटातलं पाणी. वर मेंदूपर्यंत किती पोहोचतं ते दारावर अवलंबून. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली हाच विचार मांडला. मज्जारज्जूत एक फाटक आहे आणि वरून मेंदूही ते हलवू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. फाटकाच्या आतल्या जोडणीबद्दलचे त्यांचे काही तपशील पुढे बदलावे लागले, पण मूळ कल्पना टिकली.

दुसरा ठिपका डोक्यात सर्वात वर, कपाळाच्या मागे. इथे कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची सुरकुत्यांची वरची साल. हिचे बहुतेक भागांत सहा थर असतात. पाचव्या थरात त्रिकोणी आकाराच्या मोठ्या पेशी असतात आणि त्यांचे लांब तंतू थेट खाली ब्रेनस्टेमपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत, उतरतात. दुखण्याच्या बाबतीत तीन जागा महत्त्वाच्या. कपाळामागच्या भागाची आतली बाजू, जिला मिडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. तिच्या मागे कमानीसारखा वळलेला अँटिरियर सिंग्युलेट. आणि बाजूच्या घडीत लपलेला इन्सुला. यापुढे काय होणार आहे, हे माझ्यासाठी धोक्याचं आहे का, मागच्या वेळी काय झालं होतं, हा हिशेब या भागांत चालतो. भीतीशी संबंध असलेला अमिग्डाला आणि शरीराचं आतलं संतुलन सांभाळणारा हायपोथॅलॅमस यांचेही तंतू त्याच ठिकाणी खाली जातात.

ते ठिकाण म्हणजे तिसरा ठिपका. दोन्ही कानांच्या मधोमध, खोल आत, देठाच्या सर्वात वरच्या भागात. तिथे पाण्यासारखा द्रव वाहून नेणारी एक बारीक नळी आहे, जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीची. तिच्या भोवती करड्या पेशींचा वेढा असतो. त्याचं नाव पेरिॲक्विडक्टल ग्रे, दवाखान्यात सगळे पीएजी म्हणतात. एवढ्याशा जागेची ताकद 1969 साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी दाखवली. उंदरांच्या पीएजीमध्ये बारीक विजेचा प्रवाह सोडला तर भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करता आली. उंदीर शुद्धीत होते.

पीएजी काम कसं करतं, ते कळलं की पुढचं सोपं जातं. तिथल्या खाली निरोप पाठवणाऱ्या पेशींवर दुसऱ्या छोट्या पेशींनी सतत ब्रेक दाबून धरलेला असतो. शरीर स्वतः बनवतं ती अफूसारखी द्रव्यं त्या ब्रेक दाबणाऱ्या पेशींनाच शांत करतात. ब्रेक सुटतो आणि खाली हुकूम जातो, दारं ओढून घे. मॉर्फिनसुद्धा इथे याच पद्धतीने काम करतं. शरीराची ही स्वतःची द्रव्यं, एन्केफॅलिन, स्कॉटलंडमध्ये 1975 साली ओळखली गेली.

चौथा ठिपका देठाच्या खालच्या टोकाला, मानेच्या सुरुवातीच्या जरा वर. याचं नाव लांबलचक आहे, रोस्ट्रल व्हेंट्रोमिडियल मेड्युला, थोडक्यात आरव्हीएम. पीएजीचा हुकूम थेट मज्जारज्जूत फार कमी जातो, बहुतेक इथे थांबून मग पुढे जातो. इथे दोन परस्परविरोधी प्रकारच्या पेशी आहेत. एकांना ऑन पेशी म्हणतात, दुसऱ्यांना ऑफ पेशी. उंदराच्या शेपटीला चटका बसेल इतकी उष्णता दिली तर तो शेपटी झटकण्याच्या क्षणभर आधी ऑन पेशी उसळतात आणि ऑफ पेशी गप्प होतात. म्हणजे वरून येणारा हुकूम फक्त दारं बंद करण्याचा नसतो, दारं उघडण्याचाही असतो. बहुतेक जण इथेच चुकतात. "मेंदूत नैसर्गिक पेनकिलर आहे" एवढंच ऐकलेलं असतं. पण तीच वाट दुखणं वाढवतेही. आजारपणात, सततच्या भीतीत, झोप नसताना पारडं उघडण्याच्या बाजूला झुकू शकतं. जखम भरून गेल्यावरही दारं उघडंच राहिलेले पेशंट मी रोज बघते.

पाचवा ठिपका चौथ्याच्या थोडा वर, देठाच्या मधल्या भागात, ज्याला पॉन्स म्हणतात. लोकस सेरुलियस, म्हणजे लॅटिनमध्ये निळी जागा. इथून नॉरॲड्रिनॅलिन या निरोप नेणाऱ्या रसायनाचे तंतू मज्जारज्जूत उतरतात आणि दारं आवळतात. गोळ्यांबद्दल बोलू तेव्हा ही निळी जागा परत लागेल, म्हणून तिच्याभोवती गोल करून ठेवा.

आता दुसऱ्या ठिपक्यापासून तिसऱ्याकडे, तिथून चौथ्याकडे आणि शेवटी पहिल्याकडे खाली जाणारा बाण काढा. वर जाणारा बाण सगळ्यांना माहीत असतो. खाली येणारा बाण बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच काढलेला असतो. त्या आक्कांनीही नंतर काढला, आणि बराच वेळ बोट त्यावर ठेवून बसल्या होत्या.

दुसरी पायरी: आपल्या अंगात ही वाट चालते, याचा पुरावा शोधा

सात दिवस वहीत लिहा. किती दुखलं याचे आकडे नकोत, त्याने लक्ष सारखं तिकडेच जातं. फक्त एवढंच: आज कधी दुखणं अपेक्षेपेक्षा कमी होतं, आणि तेव्हा मी कुठे, कोणासोबत, काय करत होते. तसंच कधी अचानक वाढलं, आणि त्याआधीच्या तासात काय झालं.

कुंडलच्या मैदानावर कुस्ती बघितलेल्या माणसाला हे नवीन नाही. पैलवानाचं बोट निखळलेलं असतं आणि कुस्ती निकाली होईपर्यंत त्याला पत्ता नसतो. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेदनाशामक नको म्हणून सांगितलं. त्याने हे 1946 साली लिहिलं. जखम तीच असते. त्या जखमेचा अर्थ वर काय लागतो, यावर खालचा हुकूम बदलतो.

वहीत अशा नोंदी येतात: भाचीच्या हळदीला चार तास उभी होते, काही जाणवलं नाही. सोसायटीच्या हप्त्याचा फोन आला आणि मान धरली. दुसरी नोंद लिहायला लोक लाजतात. लाजू नका. फोनमुळे तुमचा मणका बदलला नाही, वरचा हुकूम बदलला. 2019 मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात ही साखळी पेशींच्या पातळीवर दिसली. नसेला इजा झाल्यावर अमिग्डालाकडून प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या दाबून धरणाऱ्या पेशींना जास्त निरोप जाऊ लागले, त्यामुळे कॉर्टेक्सचा पीएजीकडे जाणारा आवाज मंदावला, आणि दुखणं वाढलं. प्रकाश टाकून ठरावीक पेशी चालू-बंद करायच्या तंत्राने ती साखळी तोडली तेव्हा दुखणं कमी झालं. माणसाची गोष्ट उंदरापेक्षा गुंतागुंतीची आहे, पण मांडणी त्याच धाटणीची आहे.

तिसरी पायरी: रिपोर्टमधल्या शब्दांची धार काढा

एमआरआयची मोठी पिशवी घेऊन येणारा माणूस बसायच्या आधी सांगतो, "गादी सरकलीय" किंवा "मणक्यात गॅप आलाय." हे शब्द त्याने वर्षभर मनात घोळवलेले असतात. वाकताना प्रत्येक वेळी त्याच्या कॉर्टेक्सने धोक्याची मोजदाद केलेली असते आणि दारं उघडायचा हुकूम दिलेला असतो.

2015 साली काही संशोधकांनी पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3110 लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्या 37 टक्के लोकांत मणक्यातल्या चकतीची, म्हणजे आपण गादी म्हणतो तिची, झीज दिसली. ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत. चकती फुगलेली म्हणाल तर विशीत 30 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के. हे सगळे न दुखणारे लोक होते. केस पांढरे होतात तसा मणकाही आतून वय दाखवतो. मी पेशंटला रिपोर्टच्या पाठीमागे हे आकडे त्यांच्याच हाताने लिहायला लावते.

तरीही रिपोर्ट फेकून देऊ नका. पायात ताकद नाही, मुंग्या ठरावीक पट्ट्यात येतात आणि रिपोर्टमध्ये त्याच बाजूला नस दाबलेली दिसते, अशा वेळी त्या शब्दाला अर्थ आहे. डॉक्टरांना सरळ विचारा: "हे माझ्या वयात सहसा दिसतं का, आणि माझ्या दुखण्याशी याचा मेळ बसतो का?" या दोन प्रश्नांची उत्तरं रिपोर्टच्या शेजारीच लिहून घ्या.

शब्दांचा खरा जोर 2011 च्या एका प्रयोगात दिसला. निरोगी माणसांच्या त्वचेला चटका देत रक्ताच्या शिरेतून तीव्र वेदनाशामक चालू ठेवलं. औषध आता सुरू झालं असं सांगितल्यावर त्याचा गुण जवळजवळ दुप्पट झाला. औषध थांबवलं असं सांगितल्यावर गुण नाहीसा झाला, औषध मात्र तेवढंच शिरेत जात होतं. त्याआधी 1978 मध्ये दात काढलेल्या रुग्णांवर दिसलं होतं की नुसत्या विश्वासाने मिळणारा आराम, अफूजन्य द्रव्यांना अडवणारं नालोक्झोन दिलं की पुसला जातो. म्हणजे तो विश्वास शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या द्रव्यांमधून काम करत असावा.

चौथी पायरी: चालणं मोजून घ्या

दारं ओढून घेण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे शरीराने पुन्हा पुन्हा अनुभवणं की मी हललो आणि काही बिघडलं नाही. पण ते ठरवून करावं लागतं. बरं वाटलं त्या दिवशी दोन दिवसांचं काम उरकायचं आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळायचं, ही आपल्याकडची रीत वरच्या कॉर्टेक्सला दर वेळी हेच शिकवते की हालचाल म्हणजे धोका.

तीन दिवस बघा, दुखणं स्पष्ट वाढेपर्यंत किती मिनिटं चालता येतं. समजा 10, 14 आणि 12 मिनिटं. सरासरी 12. त्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी, म्हणजे साधारण 9 ते 10 मिनिटं, हा तुमचा पाया. रोज तेवढंच चाला, बरं वाटलं तरी जास्त नाही, वाईट वाटलं तरी जमेल तितकं त्याच्या जवळपास. आठवड्याने एक मिनिट वाढवा. सांगलीत असाल तर आमराईतला सकाळचा फेरा चांगला, सावली आहे आणि बसायला जागा आहे. साताऱ्याकडच्या लोकांना मी यवतेश्वरचा चढ पहिल्या महिन्यात करू देत नाही, कितीही हौस असली तरी.

मंडपातल्या कामासाठी हेच गणित हाताचं. हात वर ठेवून सलग किती घड होतात ते मोजा, त्याच्याआधी हात खाली घ्या, दोन मिनिटं झाडाच्या पायथ्याचं काम करा, मग परत वर. मजुरी घडांवर असली की हे पटवणं जड जातं, मला कल्पना आहे. जोडीदारणीशी अदलाबदल ठरवली की जमतं. बागायतदारांनाही सांगते, एक बाई पंधरा दिवस घरी बसण्यापेक्षा हे परवडतं.

श्वास आणि झोप यांच्याबद्दल थोडक्यात. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, चार-पाच सेकंद आत आणि पाच-सहा सेकंद बाहेर, एवढाच संथ श्वास. याचा परिणाम बेताचाच असतो, पण फुकट आहे आणि कुठेही करता येतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे. रात्री पाणी पाजायची पाळी असलेल्यांनी दुपारी ठरल्या वेळी अंधाऱ्या खोलीत झोपावं आणि त्या दिवशीच्या नोंदीवरून निराश होऊ नये.

पाचवी पायरी: घरच्यांनी काय बोलायचं

"काय गं, अजून दुखतंय का?" हा मायेचा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला गेला की तो कॉर्टेक्सला आठवण करून देत राहतो. त्याऐवजी विचारा, "आज कुठवर जाऊन आलीस?" बादली हातातून काढून घेऊ नका, अर्धी भरून द्या. आणि "काही नाही, नाटक आहे" हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. अविश्वासाने माणूस सावध होतो, आणि सावध मेंदू दारं उघडं ठेवतो. सासूबाईंना वहीतलं चित्र दाखवून झाल्यावर सुनेचं चालणं दुप्पट झाल्याचं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

सहावी पायरी: गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी नीट बोला

मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून महिनोन्महिने रोज खाणारे आपल्याकडे खूप आहेत. जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा हे त्याचे खरे धोके आहेत, उन्हात पाणी कमी पिणाऱ्या शेतमजुराला तर जास्तच. ती गोळी बऱ्याच अंशी पाटातल्या पाण्यावर काम करते. दुखणं जुनाट झालं आणि अडचण दाराची असेल, तर तिचा गुण तोकडा पडतो.

इथे ती निळी जागा आठवा. ड्युलोक्सेटीन आणि अमिट्रिप्टिलिन ही औषधं सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही निरोप नेणारी रसायनं पेशींच्या मध्ये जास्त वेळ टिकवतात. वरून उतरणाऱ्या तंतूंचा दारावरचा हात त्यामुळे बळकट होतो. नैराश्यावरही हीच औषधं देतात, म्हणून चिठ्ठी वाचून किंवा इंटरनेटवर शोधून लोक दुखावतात: "डॉक्टरांनी मला वेड्याची गोळी दिली." माझ्या बाकड्यावर हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते आणि दर वेळी वही उघडते. डॉक्टरांनी तुमचं दुखणं खोटं मानलेलं नाही. उलट त्यांनी खालच्या बाणासाठी औषध दिलं आहे. ती सगळ्यांना लागू पडत नाहीत, गुण यायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडं पडणं, झोप, मळमळ होऊ शकते, आणि ती अचानक बंद करायची नसतात. ट्रमाडॉल चालू असेल तर ते आधी सांगा, कारण दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं ठरू शकतं.

सातवी पायरी: भडका उडेल त्या दिवसासाठी

तो दिवस येणारच. पाहुण्यांची गर्दी, अवकाळी पावसात बाग झाकायची धावपळ, किंवा काहीही कारण नाही. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी सुचत नाही. सर्वात आधी धोक्याच्या खुणांची वरची यादी एकदा वाचा. त्यातलं काही नसेल तर चालण्याची जी मूळ 9-10 मिनिटं ठरवली आहेत ती निम्मी करा, पण शून्य नको. गरम पाण्याची पिशवी वीस मिनिटं, संथ श्वास, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी सांगितल्या मात्रेत. फोन करायचं एक माणूस ठरवून ठेवा, जे घाबरवणार नाही. तीन दिवसांनी परत त्या मूळ मिनिटांवर या, भडक्याच्या आधी जिथे होतात तिथे नव्हे, आणि तिथून पुन्हा आठवड्याला एक मिनिट.

आक्कांच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांच्या नातीच्या अक्षरात हे सगळं आहे. खाली त्यांनी स्वतः एक ओळ जोडली आहे: "भडका आला म्हणून खांदा मोडला नाही, दारं उघडलं."